कसोट्या तीनच असोत, दौरा मात्र गावोगाव फिरला पाहिजे

ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या रग्बी संघाने २०२५ ची ऑस्ट्रेलियातली कसोटी मालिका २-१ अशी जिंकली आणि मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरच्या दुसऱ्या कसोटीला ९०,३०७ प्रेक्षक आले. तरीही दौरा संपल्यापासून रग्बी पाहणाऱ्यांमध्ये जो वाद चालू आहे, तो निकालाबद्दल नसून दौऱ्याच्या स्वरूपाबद्दल आहे. कसोट्यांच्या आधी आणि मधल्या वारी, म्हणजे दोन शनिवारांच्या मध्ये, बहुधा मंगळवारी, होणारे सामने ठेवावेत की काढून टाकावेत, ठेवले तर कोणाविरुद्ध आणि कोणत्या गावी ठेवावेत, तिकीट कोणाला परवडले पाहिजे, मैदानावरचे वातावरण लोकांनी करायचे की ध्वनिक्षेपकांनी, असे हे प्रश्न आहेत. मराठवाड्यात हा खेळ नेमाने पाहणारे लोक थोडे आहेत. छत्रपती संभाजीनगर, परभणी, लातूर इथले काही क्रीडाशिक्षक, त्यांचे जुने विद्यार्थी आणि नोकरीच्या निमित्ताने पुण्या-मुंबईत हा खेळ पाहून परत आलेली काही तरुण मुले, एवढाच आमचा गोतावळा आहे. पण हा वाद आमच्यातही तितक्याच हिरिरीने झाला आणि त्यात मला एक बाजू ठामपणे घ्यावीशी वाटते. माझे म्हणणे असे की, मधल्या वारचे, लहान शहरांतले, स्थानिक संघांविरुद्धचे सामने हाच दौऱ्याचा कणा आहे. ते काढून टाकले किंवा नावापुरते उरकले, तर मागे तीन सामन्यांची एक मालिका उरते, आणि तिच्यासाठी कोणी वर्षानुवर्षे वाट पाहावी असे तिच्यात काही राहत नाही.

लायन्सची घडणच वेगळी आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड हे एरवी एकमेकांशी झुंजणारे चार संघ दर चार वर्षांनी आपले निवडक खेळाडू एकत्र करतात आणि हा संघ न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका यांपैकी एका देशात पाळीपाळीने जातो, म्हणजे एका देशाच्या वाट्याला तो बारा वर्षांनी येतो. १८८८ मध्ये बोटीने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेलेल्या पहिल्या संघाने रग्बीचे ३५ सामने खेळले. १९५९ च्या दौऱ्यात ३३ सामने होते, १९७१ मध्ये २६ आणि १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत २२. १९९५ मध्ये हा खेळ अधिकृतपणे व्यावसायिक झाला, क्लबांचे करार आले, खेळाडूंचा एकेक आठवडा मोलाचा झाला आणि दौरा आक्रसत गेला. २०२५ मध्ये डब्लिनचा अर्जेंटिनाविरुद्धचा सामना धरून एकूण दहा सामने झाले. जुने तीन-साडेतीन महिन्यांचे दौरे परत आणा असे मी म्हणत नाही, कारण तो काळ नोकरीतून बिनपगारी रजा काढून खेळणाऱ्यांचा होता आणि त्याची किंमत त्या खेळाडूंच्या घरच्यांनी मोजली. दहा हा आकडा मला मान्य आहे. खरा प्रश्न दहातून तीन कसोट्या वजा केल्यावर उरणाऱ्या सात सामन्यांचा आहे.

विरुद्ध बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा खेळाडूंच्या शरीराचा आहे आणि तो कोणालाही उडवून लावता येणार नाही. २०२५ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियरशिपचा अंतिम सामना १४ जूनला झाला आणि आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंडचे क्लब जिच्यात खेळतात त्या युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपचा अंतिम सामनाही त्याच दिवशी. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, २० जूनला, लायन्स डब्लिनमध्ये अर्जेंटिनाशी खेळले आणि २८-२४ असे हरले. २०१७ मध्ये तर संघ ३१ मे रोजी न्यूझीलंडला उतरला आणि ३ जूनला व्हांगारेईत प्रोव्हिन्शियल बार्बेरियन्स या हौशी-निमहौशी खेळाडूंच्या संघापुढे कसाबसा १३-७ असा जिंकला. लांबच्या विमानप्रवासाने जड झालेली शरीरे त्या सामन्यात स्पष्ट दिसत होती. आमच्यातला एक जुना खेळाडू, जो आता शाळेतल्या मुलांना शिकवतो, या मुद्द्यावर फार कळकळीने बोलतो. डोक्याला लागलेला मार आणि गुडघ्याची दुखापत ही कारकीर्द संपल्यावरही माणसाला सोडत नाहीत, मग आठवड्यात दोन सामन्यांचा हट्ट कशासाठी, असे त्याचे म्हणणे. त्याच्या काळजीशी मी पूर्ण सहमत आहे, पण त्याने सुचवलेल्या उपायाशी नाही. मधल्या वारी खेळणारे पंधरा आणि शनिवारी खेळणारे पंधरा बहुतांशी वेगळे असतात. अडतीस-चाळीस जणांचा संघ नेला जातो तो त्याचसाठी. शरीर झिजवणारी गोष्ट आहे ती क्लबांचा लांबत गेलेला हंगाम आणि त्याला खेटून ठेवलेला पहिला सामना. क्लबांच्या अंतिम सामन्यानंतर दोन आठवडे कोणताही सामना नको, असा नियम झाला तर खेळाडूला खरा आराम मिळेल. पण क्लबांचे मालक आणि दूरचित्रवाणीचे करार यांना हात लावणे कठीण असल्यामुळे कात्री चालते ती ज्यांची बाजू मांडायला कोणी नाही अशा मंगळवारच्या सामन्यांवर.

दुसरा आक्षेप एकतर्फीपणाचा. २०२५ मध्ये लायन्सने पर्थला वेस्टर्न फोर्सला ५४-७ असे हरवले, ब्रिस्बेनला क्वीन्सलंड रेड्सला ५२-१२ असे आणि ॲडलेडला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या निमंत्रित संघाला ४८-० असे. असे सामने पाहायला कोणी पैसे का मोजावेत, हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण हे आकडे मधल्या सामन्यांचा दोष दाखवतात की त्यांच्याकडे केलेल्या दुर्लक्षाचा, हे तपासले पाहिजे. ऑस्ट्रेलियाने कसोट्यांसाठी राखून ठेवलेल्या बऱ्याच खेळाडूंना त्यांच्या प्रांतिक संघांकडून खेळू दिले नव्हते. कणाच काढून घेतलेला संघ मैदानात उतरवायचा आणि मग तो उभा राहिला नाही म्हणून सामनाच रद्द करायचा, हा न्याय नव्हे. त्याआधी आठ वर्षांच्या न्यूझीलंड दौऱ्याकडे पाहा. २०१७ मध्ये ऑकलंडच्या ब्लूज संघाने लायन्सला २२-१६ असे हरवले, ड्युनेडिनच्या हायलँडर्सनी २३-२२ असे, वेलिंग्टनच्या हरिकेन्सनी ३१-३१ अशी बरोबरी साधली आणि क्रुसेडर्सविरुद्ध लायन्स १२-३ असे जिंकले ते घाम गाळूनच. कसोटी मालिकाही शेवटी बरोबरीत सुटली, तिसरा सामना १५-१५. यजमानांनी हे सामने मनापासून घेतले की दौऱ्याचा प्रत्येक आठवडा कसा धगधगता राहतो, हे त्या सहा आठवड्यांनी दाखवून दिले.

२०२५ च्या दौऱ्यातच याचा आणखी बारकाईने पाहण्यासारखा पुरावा आहे. त्या दौऱ्यात दोन संघ केवळ त्या एकेका सामन्यासाठी जुळवले होते. पहिला ॲडलेडचा निमंत्रित संघ. त्यात चांगले खेळाडू होते, पण तो कोणत्या गावचा नव्हता, कोणत्या समाजाचा नव्हता, त्याच्या मागे कोणी उभे नव्हते, आणि तो शून्यावर हरला. दुसरा फर्स्ट नेशन्स अँड पासिफिका संघ, म्हणजे ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आलेली कुटुंबे यांच्या वंशातल्या खेळाडूंचा. मेलबर्न रेबेल्स हा व्यावसायिक संघ २०२४ मध्ये बंद पडल्यामुळे जी तारीख रिकामी झाली, ती या संघाला मिळाली. दुसऱ्या कसोटीच्या चार दिवस आधी, मंगळवारी २२ जुलैला, हा संघ लायन्सपुढे उभा राहिला आणि २४-१९ असा, एका ट्रायच्या, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळणाऱ्या पाच गुणांच्या, अंतराने हरला. कसोट्या सोडल्या तर ऑस्ट्रेलियातला तो सर्वांत अटीतटीचा सामना ठरला. तिथे हरणाऱ्या संघाला जो मान मिळाला, तो ॲडलेडला मिळणे शक्यच नव्हते. समोरच्या संघाला स्वतःचे नाव आणि स्वतःची माणसे असली पाहिजेत, एवढी एक अट पाळली तर मधल्या सामन्यांवरचे निम्मे आक्षेप गळून पडतात.

हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा मराठवाड्यातल्या कोणत्याही बऱ्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो, तेव्हा सुरुवात रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्यांनी होते. आठ-दहा वर्षांची पोरे लंगोट लावून मातीत उतरतात, हलगी वाजत असते, पंच जोडी लावतात, हरलेले पोरही नारळाचे खोबरे खात आपल्या आजोबांच्या शेजारी जाऊन बसते. मग शंभराच्या, पाचशेच्या, हजाराच्या कुस्त्या होतात. शेजारच्या गावचा पोरगा आपल्या गावच्या पोराला चीत करतो आणि त्यावरून फडाच्या कडेला वाद पेटतात. ऊन कलते, धुरळा खाली बसतो आणि मग मानाची शेवटची कुस्ती लागते. ती कधी दोन मिनिटांत निकाली होते, कधी अर्धा तास खडाखडी होऊन बरोबरीत सोडवावी लागते. तरी माणसे नाराज होऊन उठत नाहीत, कारण त्यांची दुपार आधीच भरलेली असते. अलीकडे काही ठिकाणी जत्रा कमिट्या सगळी वर्गणी एका बाहेरच्या नामांकित मल्लाच्या इनामावर घालतात आणि गावच्या पोरांच्या कुस्त्या घाईघाईने उरकतात. त्या वर्षी फोटो चांगले येतात, पण पुढच्या वर्षी तालमीत येणारी पोरे कमी झालेली असतात. रग्बीच्या दौऱ्याचेही नेमके हेच होऊ घातले आहे.

लहान जागी झालेल्या सामन्यांनी या खेळाच्या इतिहासाला काय दिले, हे आठवून पाहण्यासारखे आहे. १९७१ च्या दौऱ्यात लायन्स न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्रेमाउथ या कोळसाखाणींच्या टापूतल्या लहान गावी वेस्ट कोस्ट-बुलर या जोडसंघाशी खेळले आणि डेव्हिड डकहॅमने एकट्याने सहा ट्राय केले. सामना पूर्णपणे एकतर्फी होता. पण जगातले उत्तम खेळाडू आपल्या गावच्या मैदानावर, आपल्या ओळखीच्या माणसांविरुद्ध पळताना ज्या मुलांनी पाहिले, त्यांच्यासाठी धावफलक ही दुय्यम गोष्ट होती. त्याच दौऱ्यात लायन्सने न्यूझीलंडमधली त्यांची आजवरची एकमेव मालिका जिंकली. वेल्समधल्या लानेली या क्लबने ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्स संघाला ९-३ असे हरवले आणि बरोबर सहा वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९७८ ला, आयर्लंडमधल्या लिमरिकच्या थॉमंड पार्कवर मन्स्टर या प्रांताच्या संघाने १२-० असे. मन्स्टरचा तो दिवस मंगळवारच होता, आणि त्या दौऱ्यातले बाकीचे १७ सामने ऑल ब्लॅक्सनी जिंकले होते. आता कोणी म्हणेल की हे सारे हौशी काळातले, व्यावसायिक रग्बीत असे घडत नाही. त्यांनी १० नोव्हेंबर २०२२ ची कॉर्कमधली संध्याकाळ पाहावी. गेलिक खेळांसाठी बांधलेल्या पार्क ई खीव मैदानावर गुरुवारी रात्री मन्स्टर विरुद्ध दक्षिण आफ्रिकेचा दुय्यम संघ असा सामना ठेवला, त्याला ४१,४०० लोक आले आणि मन्स्टर २८-१४ असे जिंकले. कसोटीचा दर्जा नाही, विश्वविजेत्यांचा पहिला संघ नाही, तरी मैदान भरले, कारण आपल्या भागात असा सामना होण्याची लोकांना भूक होती.

वातावरणाचा प्रश्न इथेच येतो, कारण ते सामन्यांच्या रचनेपासून वेगळे काढता येत नाही. १९०५ मध्ये न्यूझीलंडचा पहिला प्रसिद्ध संघ ब्रिटनमध्ये आला, तेव्हा १६ डिसेंबरला कार्डिफला त्यांच्या ‘हाका’ या युद्धनृत्याला उत्तर म्हणून वेल्सच्या खेळाडूंनी आणि प्रेक्षकांनी आपले राष्ट्रगीत उभ्या उभ्या म्हटले; खेळाच्या सामन्याआधी राष्ट्रगीत गाण्याची प्रथा तिथून पडली असे मानले जाते. त्या दौऱ्यातल्या ३५ सामन्यांपैकी न्यूझीलंडने गमावलेला तो एकच सामना, ३-० असा. थॉमंड पार्कवर आजही कोणी पेनल्टी मारायला उभा राहिला, मग तो पाहुण्या संघाचा का असेना, की सगळे मैदान गप्प होते. ही शांतता कोणा आयोजकाने विकत आणलेली नाही. ती त्या गावच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. याउलट दर दोन मिनिटांनी खेळ थांबला की कर्णकर्कश संगीत, आगीचे फवारे आणि निवेदकाचा ‘आवाज वाढवा’ असा हुकूम, हा प्रकार कोणत्याही देशातल्या कोणत्याही मैदानाला सारखेच करून टाकतो. २००१ मध्ये ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत लायन्सच्या लाल कपड्यांतल्या पाठीराख्यांनी मैदान व्यापले, तेव्हा यजमानांना धक्का बसला आणि पुढच्या कसोट्यांत घरच्या प्रेक्षकांना सोनेरी टोप्या-स्कार्फ वाटण्याची पाळी आली. हजारो मैल प्रवास करून येणाऱ्या त्या पाठीराख्यांबद्दल मला आदर आहे. तरीही आपल्याच देशातल्या सामन्यात आपलेच लोक कमी पडावेत, ही काळजीची गोष्ट आहे आणि तिचे मोठे कारण तिकिटाचा दर हे आहे. मोठ्या शहरातली कसोटी, त्यात पर्यटन कंपन्यांची तिकीट-हॉटेलची जोडपॅकेजे, यांत स्थानिक कुटुंबाला जागा उरत नाही. चार जणांच्या घराला परवडेल असे तिकीट फक्त मंगळवारच्या सामन्यालाच असू शकते. तोच सामना काढला तर त्या घरासाठी दौरा हा केवळ टीव्हीवरचा कार्यक्रम राहतो.

प्रेक्षक वजा केले तर काय उरते, ते २०२१ ने दाखवले. साथीमुळे दक्षिण आफ्रिकेतला दौरा रिकाम्या मैदानांवर झाला, तिन्ही कसोट्या शेवटी केपटाउनलाच झाल्या आणि चर्चा झाली ती पंचांच्या निर्णयांची, पंचांविरुद्ध दक्षिण आफ्रिकेच्या गोटातून आलेल्या तासाभराच्या तक्रारींच्या चित्रफितीची आणि एका तासाहून अधिक रेंगाळलेल्या दुसऱ्या कसोटीच्या पूर्वार्धाची. दक्षिण आफ्रिकेने मालिका २-१ जिंकली. तो दौरा आज कोणी आवडीने आठवत नाही.

मेलबर्नची दुसरी कसोटी मात्र कोणी विसरणार नाही. आपल्याकडे दुपारी साडेतीनच्या सुमारास तो सामना सुरू झाला. ऑस्ट्रेलियाने २३-५ अशी आघाडी घेतली होती आणि अगदी शेवटच्या मिनिटाला ह्यूगो कीननने डाव्या कोपऱ्याकडे ट्राय करून लायन्सला २९-२६ असा विजय मिळवून दिला. ट्रायच्या आधीच्या रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूसाठीच्या झटापटीत, लायन्सच्या जॅक मॉर्गनने ऑस्ट्रेलियाच्या कार्लो टिझानोला खांद्याने बाजूला केले ते नियमात बसते की नाही, हे पंच पुन्हा पुन्हा पडद्यावर पाहत असताना ९० हजार माणसे श्वास रोखून उभी होती. ट्राय मान्य झाला आणि मालिका तिथेच ठरली. स्वरूप बदलू नका असे म्हणणारे याच सामन्याचा दाखला देतात, आणि स्वरूप बदला, फक्त कसोट्याच ठेवा असे म्हणणारेही याचाच देतात. मला त्यातून दिसते ते असे की, पहिली कसोटी १९-२७ अशी हरलेला यजमान संघ आठ दिवसांत इतका उसळून उठला, आणि त्या दोन शनिवारांच्या मधल्या मंगळवारी त्याच शहरात झालेल्या चुरशीच्या सामन्याने हवा आधीच तापवून ठेवली होती.

मधले सामने ठेवायचे म्हणजे काहीही करून ठेवायचे, असेही नाही. २००५ चा न्यूझीलंड दौरा याचा धडा आहे. मुख्य प्रशिक्षक क्लाइव्ह वुडवर्ड यांनी चाळीसहून अधिक खेळाडू नेले, मधल्या वारचा संघ इयान मॅकगीहन या दुसऱ्या प्रशिक्षकाकडे वेगळा सोपवला. तो संघ एकही सामना हरला नाही आणि कसोटी संघ तिन्ही सामने हरला. कारण दोन तंबू पडले होते, एकातला खेळाडू दुसऱ्यात क्वचितच जाणार होता. उलट १९९३ मध्ये मधल्या वारचा संघ हॉक्स बे आणि वायकाटो यांच्यापुढे ढेपाळला आणि सगळ्या दौऱ्याचा नूर उतरला. १९९७ मध्ये त्याच मॅकगीहन यांनी दक्षिण आफ्रिकेत हे गणित जमवले. टॉम स्मिथ आणि पॉल वॉलेस हे सुरुवातीला कोणाच्या मनात नसलेले पुढच्या फळीतले खेळाडू (प्रॉप) मधल्या सामन्यांतल्या खेळावर कसोटीत आले, आणि पहिल्या दोन कसोट्यांच्या मधल्या मंगळवारी ब्लूमफॉन्टेनला फ्री स्टेटविरुद्ध मिळवलेल्या ५२-३० अशा विजयाने सगळा संघ एकवटला. त्याच शनिवारी त्यांनी मालिका खिशात घातली. मंगळवारी चांगला खेळलेला माणूस शनिवारी खेळू शकतो हा विश्वास असेल, तरच त्या सामन्याला जीव राहतो. हे प्रशिक्षकाच्या हातात आहे, वेळापत्रकाच्या नाही.

पैशाचा मुद्दा मी टाळणार नाही. यजमान मंडळांची तिजोरी अशा दौऱ्यावर चालते आणि मोठ्या मैदानावरची एक कसोटी लहान गावातल्या अनेक सामन्यांपेक्षा जास्त कमावते. २०२६ च्या ऑगस्ट-सप्टेंबरसाठी न्यूझीलंडचा दक्षिण आफ्रिका दौरा आखला आहे. १९९६ नंतर प्रथमच जुन्या पद्धतीचा, चार प्रांतिक संघांविरुद्ध सामने असलेला. त्याचे मी मनापासून स्वागत करतो. पण त्यातली चौथी कसोटी अमेरिकेतल्या बाल्टिमोरला ठेवली आहे आणि ती कशासाठी ठेवली आहे हे सर्वांना माहीत आहे. तिथून येणाऱ्या पैशातला ठरावीक वाटा लहान केंद्रांवरचे सामने भरवण्यासाठी बांधून ठेवला, तर माझी तक्रार नाही. तसे जाहीर होत नाही तोवर ही कसोटी म्हणजे पोर्ट एलिझाबेथ किंवा ब्लूमफॉन्टेनच्या हक्काचा एक शनिवार परदेशी विकणे आहे.

क्रिकेटमध्ये आपण ही वाट शेवटपर्यंत चालून गेलो आहोत, म्हणून आपल्याला तिचे टोक दिसते. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हलवर सरे काउंटीविरुद्ध चंदू सरवटे आणि शूट बॅनर्जी यांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या आणि दोघांनीही शतके केली. ही गोष्ट कसोटीतली नाही, काउंटीविरुद्धच्या सामन्यातली आहे, आणि तरी ती आजही सांगितली जाते. २०२५ मध्ये भारतीय संघ इंग्लंडमध्ये पाच कसोट्या खेळायला गेला, तेव्हा सरावासाठी बेकनहॅमला आपल्याच खेळाडूंचे दोन संघ करून खेळला. एकाही काउंटीच्या प्रेक्षकांना तो संघ आपल्या गावच्या संघाशी भिडताना दिसला नाही.

मराठवाड्यात राहून मी हे इतक्या आग्रहाने का मांडतो, तर आम्ही या प्रश्नाकडे लंडन किंवा सिडनीच्या बाजूने न पाहता ग्रेमाउथच्या बाजूने पाहतो. सिंचन, रस्ते, उद्योग यांच्या अनुशेषाची भाषा इथे सर्वांच्या तोंडी आहे. खेळाचाही अनुशेष असतो आणि तो सामने कुठे होतात यावर ठरतो. जून २०२५ मध्ये रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सात-सात खेळाडूंचे सहा संघ, परदेशांतले नामवंत खेळाडू, आणि सगळे सामने मुंबईतल्या अंधेरीच्या एकाच मैदानावर. सुरुवात म्हणून ते समजण्यासारखे आहे. पण पुढच्या हंगामात एक-दोन दिवस छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा लातूरला खेळवण्यात कोणती अडचण आहे? महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबादला भरली होती. राज्य नवे होते, साधने तुटपुंजी होती, तरी कोणाला वाटले नाही की मोठी स्पर्धा मोठ्या शहरातच झाली पाहिजे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार पुढे १९७० च्या एडिनबर्ग राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आले. असे खेळाडू जिथून येतात तिथे खेळ प्रत्यक्ष पोहोचलेला असतो.

लायन्सच्या महिला संघाचा पहिलाच दौरा सप्टेंबर २०२७ मध्ये न्यूझीलंडला होणार आहे, तीन कसोट्यांचा, आणि पुरुषांचा संघ २०२९ मध्ये तिथेच जाईल. महिलांच्या दौऱ्याला जुन्या करारांचे ओझे नाही, म्हणून त्याचे स्वरूप नव्याने, नीट ठरवता येईल. यजमान मंडळाकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: कसोटी जिथे नाही अशा गावांत किमान तीन सामने, त्या सामन्यांसाठी प्रांतिक संघांना त्यांचे उत्तम खेळाडू मोकळे करणे, आणि निम्मी तिकिटे त्या भागातल्या रहिवाशांना, शाळांना आणि क्लबांना परवडेल अशा दरात आधी देणे. व्हांगारेई, नेपियर, मास्टरटन, ग्रेमाउथ ही नावे १९७१ च्या वेळापत्रकात होती, आणि यांपैकी एकाही गावी २०२७ मध्ये सामना ठेवता येणार नाही असे कोणतेही कारण मला अजून ऐकायला मिळालेले नाही.